एकच आडवी रेघ

मोहितेकाकांना ‘बरं आहे’ हे उत्तर चालत नसे. जिन्यात कुणी भेटलं आणि काकांनी "काय म्हणतो गुडघा?" असं विचारलं, की समोरचा माणूस सवयीने "आहे बरा" म्हणायचा. मग काका पायरीवरच थांबायचे. "बरा म्हणजे? काल कितव्या पायरीला दुखला? आज कितव्या?" आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांनी त्यांना चुकवण्यासाठी जिना उतरायच्या वेळा बदलल्या होत्या, आणि उरलेले निम्मे निमूटपणे पायऱ्या मोजायला लागले होते.

निजामपुऱ्यातली आमची सोसायटी तीन मजल्यांची, बिनलिफ्टची. तळमजल्यावर काका एकटे राहत. काकू आम्ही तिथे यायच्या आधीच गेलेल्या, मुलगी शलाका लग्न होऊन पुण्याला. छाणीच्या बाजूला एका मोठ्या कारखान्यात काकांनी चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये नोकरी केली. पणजोबा इथल्या जुन्या संस्थानच्या फौजेत होते, पण त्याचं कौतुक काका फार करत नसत. "ते घोड्यावर बसायचे, मी खुर्चीवर बसलो," एवढंच म्हणत. कंट्रोल रूममध्ये नेमकं काय करतात, असं मी एकदा विचारलं. "आठ तास काट्यांकडे बघायचं आणि दर तासाला वहीत लिहायचं. काही घडलं नाही, तर नोकरी चांगली झाली."

निवृत्तीनंतर त्यांनी सोसायटीची पाण्याची मोटर ताब्यात घेतली. कुणी दिली नव्हती, त्यांनी घेतली. मोटरच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगलेली आणि वहीला दोरीने पेन बांधलेलं. मोटर किती वाजता चालू, किती वाजता बंद, टाकीत किती फूट. पेन्सिल चालायची नाही. आकडा चुकला, तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. आमचे सेक्रेटरी पटेलभाई यांनी एकदा चुकलेल्या आकड्यावर पांढरी शाई फासली. काकांनी नखाने ती खरवडून काढली आणि पटेलभाईंना गाठून त्यांच्याच गुजरातीत विचारलं.

"नीचे शुं लख्युं हतुं?"

"भूल हती काका, एटले काढी नाखी."

"भूल हती तो देखावी जोईए ने!"

चूक होती म्हणून काढून टाकली, हे पटेलभाईंचं म्हणणं; चूक होती तर ती दिसायला नको का, हे काकांचं. पटेलभाईंनी त्या दिवसापासून मोटरला हात लावला नाही. मी हा किस्सा माहेरी जाऊन नकला करून सांगत असे. हसण्यासारखाच होता तो.

माझी मुलगी ईरा नऊ महिन्यांची असताना, ऐन उन्हाळ्यात, एका मंगळवारी पहाटेपासून तिला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. सकाळीच आम्ही तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन आणलं. त्यांनी ओआरएसची पाकिटं दिली, उलटीसाठी थेंब दिले, झिंकचं औषध दिलं. अंगावरचं दूध चालू ठेवा म्हणाले. आणि एक बजावून सांगितलं: सहा तास शू झाली नाही, किंवा मूल मलूल पडलं, तर वाट बघू नका, घेऊन या.

घरी आल्यावर जो तो कामाला लागला. सासूबाईंचं म्हणणं, दात येताहेत, त्याचं एवढं काय. नागरवाड्यात त्यांच्या माहेरी सहा भावंडं दात येताना अशीच वाहिली होती आणि सहाच्या सहा धडधाकट राहिली. त्यांनी जायफळ आणि सहाण काढली. माझा नवरा समीर ऑफिसातून दर अर्ध्या तासाने फोन करून नवं काहीतरी वाचून दाखवत होता. मी लंगोट बदलत होते.

चारच्या सुमाराला बेल वाजली. दारात काका. ते कधी आमच्या घरी येत नसत. उंबऱ्याबाहेर उभे राहूनच म्हणाले, "तुमच्या दोरीवर चौदा लंगोट आहेत. काल ह्या वेळेला पाच होते. काय झालं?"

सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "शेवटचं औषध कधी दिलं?"

समीर नुकताच घरी आला होता, त्याच्या हातात उलटीच्या थेंबांची बाटली होती. सासूबाई म्हणाल्या, सकाळी. समीर म्हणाला, मी आत्ता देतोच आहे. मी म्हणाले, अहो, मी वीस मिनिटांपूर्वी दिलं. समीरने बाटली हळूच टेबलावर ठेवली.

काका चपला काढून आत आले. टेबलावर एक पेला झाकून ठेवला होता. "हे ओआरएस? किती पाण्यात केलं?"

"ह्याच पेल्यात," सासूबाई म्हणाल्या.

"पाकीट किती?"

"एक. अख्खं."

काकांनी रिकामं पाकीट उचललं, चष्मा कपाळावर सरकवून त्यावरचं वाचलं. एका लिटरचं पाकीट सासूबाईंनी एका पेल्यात कालवलं होतं. "कडक केलं तर लवकर लागू पडेल, असं वाटलं मला," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"किती गेलं पोटात?"

"तीन चमचे."

काका खाली जाऊन आले ते स्टीलचं लिटरचं माप आणि एक कोरी वही घेऊन. पेल्यातलं त्यांनी मोरीत ओतलं, उकळून गार केलेलं पाणी माझ्याकडून मापात भरून घेतलं, नवं पाकीट त्यात कालवलं. मग वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिलं ‘आत’, उजवीकडे ‘बाहेर’. आणि पहिली नोंद केली: ‘४:१०. दाट मिश्रण ३ चमचे गेले. उरलेले फेकले.’

सासूबाईंनी वाकून वाचलं. "हे कशाला लिहायला पाहिजे, भाऊ? पोरीच्या वहीत माझी चूक?"

"नाव नाही लिहिलं, वहिनी. चमचे लिहिले."

मग त्यांनी आम्हाला तिघांना सोफ्यावर बसवलं आणि चार्ज देणं म्हणजे काय ते समजावलं. कारखान्यात पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला सगळं तोंडाने सांगतो, आणि येणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. तो नीट म्हणेपर्यंत जाणाऱ्याने हलायचं नाही. घरी कुणी वाट बघत असो, बस सुटत असो. "बाळाजवळून उठताना आत काय गेलं, बाहेर काय आलं आणि पुढे काय द्यायचंय, हे सांगायचं. पुढच्याने परत म्हणायचं. मग म्हणायचं, चार्ज दिला. तो म्हणणार, चार्ज घेतला. बराबर ने?"

"पोरीचं आजारपण आहे हे भाऊ, कारखाना नाही," सासूबाई म्हणाल्या.

"कारखाना बंद तरी करता येतो, वहिनी."

शेवटी त्यांनी डॉक्टरांचा सहा तासांचा नियम आमच्या एकेकाकडून वदवून घेतला. समीर बँकेत मॅनेजर आहे. शाळेत पाढे म्हणावेत तसा तो हात गुडघ्यावर ठेवून "सहा तास शू नाही, तर दवाखाना" असं म्हणाला. मला हसू आलं. दिवसभरातलं पहिलं.

गंमत अशी, की संध्याकाळपर्यंत घर शांत झालं. चमच्याने दोन-दोन मिनिटांनी पाजायचं, उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. कुणी कुणाला "तू दिलंस का" असं विचारत नव्हतं, वहीत बघत होतं. सासूबाईंनी सहाण आत ठेवून दिली आणि सगळ्यांत नीट नोंदी त्यांच्याच असायच्या. ‘शी, पाण्यासारखी, मोठी वाटीभर’ असं ठळक अक्षरात. काकांनी एकदा "वाटी कुठली?" असं विचारलं, तर त्यांनी स्वयंपाकघरातून वाटी आणून दाखवली. त्यानंतर त्या दोघांचं जमलं.

काका बाळाला कधी उचलून घेत नसत. मांडीवरही नाही. पाळण्याशेजारी लाकडी खुर्ची टाकून ताठ बसायचे, एका हातात चमचा, दुसऱ्यात घड्याळ. ईरा त्यांच्याकडे टक लावून बघायची. तेही तिच्याकडे तसेच बघायचे. लाडाचं अक्षर नाही. चमचा पुढे करताना फक्त "हं" म्हणायचे, आणि ती तोंड उघडायची. माझ्याकडून तिने निम्मे चमचे थुंकून टाकले होते, ह्याचा मला चक्क राग आला.

बुधवारी सकाळी सहा दहाला तिने भरपूर शू केली, सासूबाईंनी नोंद केली. जुलाब थांबले नव्हते, पण आम्हाला वाटलं की उतार पडतोय. दहा वाजता काका वर आले. समीर ऑफिसला गेला होता, सासूबाईंची अंघोळ व्हायची होती आणि मी उभ्या उभ्या पेंगत होते. काकांनी माझ्याकडून चार्ज घेतला आणि म्हणाले, "झोप. तीन तास."

एक वाजता त्यांनी मला उठवलं, सगळं सांगितलं, मी परत म्हणून दाखवलं. दहा चाळीसला लंगोट ओला, शू. साडेअकरा आणि बाराला जुलाब. ऐंशी चमचे आत. चार्ज दिला, चार्ज घेतला. काका जेवायला खाली गेले.

सव्वादोनला बेल वाजली. काका होते. हाताला भात लागलेला, धुतलाही नव्हता. माझ्याकडे न बघता ते सरळ वहीपाशी गेले.

"वर्षा, मी चुकीचं लिहिलं."

"काय?"

"दहा चाळीस. लंगोट ओला होता, फिकट पिवळा. मी बघितलं आणि लिहिलं, शू. पण वास घेतला नाही. आत्ता जेवता जेवता आठवलं. ओला होता तो मागच्या बाजूला. जुलाबाचं पाणीच असणार ते."

"असेलही शू, काका. दोन्ही असेल."

"असेल. मला माहीत नाही. तो लंगोट धुतला, आता तपासता येणार नाही. माहीत नाही ते लिहायचं नव्हतं."

त्यांनी डाव्या हाताने पेन उचललं आणि दहा चाळीसच्या ओळीवर एकच आडवी रेघ मारली. खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. बाजूला सही केली. डाव्या हातानेच, वेडीवाकडी, पण पूर्ण: मोहिते. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "म्हणजे शेवटची शू सहा दहाची. आठ तास झाले."

सासूबाई पाळण्याजवळून कुजबुजल्या, "आत्ताच डोळा लागलाय हो तिचा. कालपासून पहिल्यांदाच अशी शांत झोपलीय. संध्याकाळी नेऊ या ना."

मलाही तेच हवं होतं, हे कबूल करायला हवं. ती शांत होती. घरात दीड दिवसानंतर कुणी रडत नव्हतं. समोरच्या वहीत काल दुपारपासून एवढे आकडे होते, त्यातली एक ओळ खोडली म्हणून काय मोठंसं बिघडलं होतं?

"उठवून बघा," काका म्हणाले.

मी उठवलं. ती उठली नाही. पापण्या अर्धवट उघडल्या आणि तशाच राहिल्या. गालावर टिचकी मारली, तेव्हा तोंड वाकडं करून रडली, आवाज मांजराच्या पिलाएवढा, आणि डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही. सासूबाईंनी तिच्या टाळूवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. टाळू आत गेली होती.

पुढचं फार आठवत नाही. काकांनी रिक्षा थांबवली, वही माझ्या पिशवीत घातली, स्वतः ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर लटकत बसले. दवाखान्यात तिची शीर सापडायला तीन वेळा सुई टोचावी लागली. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. सलाईन चालू झाल्यावर मी डॉक्टरांना वही दिली आणि त्यांनी उभ्या उभ्या पानं वाचली.

"ही खोडलेली ओळ कुणाची?"

"माझी," दारातून काका म्हणाले. चूक कबूल करताना लोकांची मान खाली जाते. ह्यांची होती तशीच ताठ होती, फक्त हात पाठीमागे बांधलेले.

डॉक्टरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "ती ओळ तशीच असती, तर ह्यांनी संध्याकाळपर्यंत वाट बघितली असती. तेवढा वेळ नव्हता."

काका तिथून निघाले. बाहेर बाकावर जाऊन बसले. समीर आला, सासूबाई डबा घेऊन आल्या, काकांपुढेही त्यांनी पोळी-भाजी ठेवली, ती तशीच राहिली. "भाऊ, दुपारचंही अर्धंच टाकून आलात ना?" असं सासूबाईंनी म्हटलं तर त्यांनी नुसती मान हलवली. एरवी कितवी पोळी, किती चमचे भाजी, सगळं सांगणारा माणूस. मी दोनदा बाहेर डोकावले. ते समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

सात वाजून वीस मिनिटांनी माझा हात ओला झाला. मी धावतच बाहेर आले. "काका, झाली!"

"किती वाजता?"

"सात वीस."

"खात्री आहे?"

"वास घेतला मी, काका."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला, परत काढून पुसला. मग हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी ‘बाहेर’खाली ७:२० लिहिलं, आणि पेन माझ्याकडे देत म्हणाले, "सही तू कर. बघितलंस तू."

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. चार दिवसांत ईरा मऊ भात आणि दही खायला लागली, दहा दिवसांत काकांच्या खुर्चीला धरून उभी राहायला लागली. सासूबाईंनी काकांना जेवायला बोलावलं, तेव्हा "रविवारी या" असं न म्हणता "रविवारी बारा पस्तीसला या" म्हणाल्या. ते बारा पस्तीसला आले. आजारपणाचा विषय त्या दिवशी निघाला नाही. आभार मानायची संधी मी शोधत होते. काकांनी ती मिळू दिली नाही. आमटीत चिंच कालच्यापेक्षा कमी की जास्त ह्यावरच बोलत राहिले, आणि काल ते आमच्याकडे जेवलेच नव्हते.

ह्याला आता साडेचार वर्षं झाली. गेल्या वर्षभरात काका विसरायला लागले. दोनदा गॅस चालू राहिला. एकदा टाकी दुपारभर वाहत होती. मोटरच्या खोलीतली वही मी उघडली, तर त्यात त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं: ‘बंद करायला विसरलो. टाकी वाहिली. मोहिते.’ मग त्या ओळी वाढत गेल्या. मी त्या वाचत होते आणि कुणाला सांगत नव्हते. शेवटी त्यांनीच शलाकाला फोन करून त्यातल्या सगळ्या वाचून दाखवल्या, तारखांसकट.

शलाका त्यांना पुण्याला न्यायला आली. निघायच्या दिवशी सकाळी काकांनी मला मोटरच्या खोलीत बोलावलं. सामान रिक्षात चढलं होतं, गाडीची वेळ होत आली होती, शलाका दारात उभी राहून मोबाइलमध्ये घड्याळ बघत होती. काकांनी वहीत सगळं आधीच लिहून ठेवलं होतं आणि ते मला वाचून दाखवत होते. मोटर सकाळी सहा ते सात. टाकी साडेपाच फुटांवर बंद. मंगळवारी महापालिकेचं पाणी उशिरा. मागच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद.

मागच्या बाजूचा व्हॉल्व्ह माझ्या समोरच होता. तो उघडा होता.

शलाकालाही ते दिसलं असावं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, जाऊ दे, नंतर कर बंद. आणि खरंच काय बिघडणार होतं? ते गेल्यावर मी चाक फिरवलं असतं, त्यांना कळलंही नसतं. चौतीस वर्षं काटे बघितलेल्या माणसाला जाता जाता हे कशाला सांगायचं?

"काका," मी म्हणाले, "उघडा आहे तो."

ते वाकले. चष्म्यातून बघितलं, मग हाताने चाचपून बघितलं. बराच वेळ त्यांचा हात त्या चाकावर होता. मग वळून त्यांनी दोरीचं पेन धरलं आणि ‘बंद’वर एकच आडवी रेघ मारली. रेघ सरळ आली नाही. बाजूला ‘उघडा’ लिहिलं आणि सही केली.

"आता सगळं परत म्हण. पहिल्यापासून."

"पप्पा, गाडी..." शलाका म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. मी पहिल्यापासून सगळं म्हटलं. सहा ते सात, साडेपाच फूट, मंगळवार, मागचा व्हॉल्व्ह उघडा, तो मी बंद करायचा. ते दर वाक्याला मान डोलावत होते.

"चार्ज दिला."

"चार्ज घेतला, काका."

मग ते बाहेर पडले आणि रिक्षात बसले, ह्या वेळी मागच्या सीटवर, शलाकाच्या शेजारी. वरच्या गॅलरीतून ईरा हात हलवत होती. त्यांनी वर बघितलं, आणि तिच्याकडे बघून ‘हं’ म्हणावं तशी मान हलवली. रिक्षा फाटकातून बाहेर पडली तेव्हा मी घड्याळ बघितलं. दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. ती वेळ मी वहीत लिहिली, आणि खाली सही केली.